फुलदाणीच्या बुडाला दोन नावं

आमच्या घरातल्या एकाही भांड्यावर आमचं नाव नाही. हे सांगितलं की लोकांना गंमत वाटते, कारण माझे बाबा भांड्यांवर नावं घालायचंच काम करतात. अंबडच्या बाजारात भांड्यांच्या एका मोठ्या दुकानासमोर त्यांचं लाकडी टेबल असतं. टेबलावर जाड पेनासारखी दिसणारी, विजेवर चालणारी मशीन. सुरू केली की तिची सुई घर्र आवाज करत थरथरते आणि स्टीलवर अक्षरं उमटत जातात. लग्नसराईत त्यांच्यापुढे ताटं, तांबे, डबे यांची रांग लागते. कुणाला 'मामाकडून सप्रेम भेट' असं हवं असतं, कुणाला नुसतं आडनाव आणि गाव. बाबा चौथीपर्यंत शिकले आहेत, पण त्यांच्यासारखं अक्षर मी कॉलेजातसुद्धा कुणाचं पाहिलं नाही.

घरच्या भांड्यांचा विषय निघाला की ते म्हणतात, आपली भांडी आपल्याला ओळखू येतात की. मात्र दुसऱ्याचं भांडं बिननावाचं घरात आलं तर त्यांना चैन पडत नाही. गल्लीतून कुणी वाटीत भाजी पाठवली, डब्यात खीर दिली, की ते आधी भांडं उलटसुलट करून बघतात. नाव नसलं तर स्वतःहून घालतात आणि मगच परत पाठवतात. गल्लीला हे पक्कं ठाऊक आहे. एका काकूंनी तर एका आठवड्यात चार नव्या वाट्यांमधून चारदा पिठलं पाठवलं होतं. आई म्हणाली, सहाचा सेट घेतला असंल तर अजून दोन दिवस पिठलंच.

आईची रीत वेगळी. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. काही नसलं तर मूठभर साखर तरी घालायची. मामा अंकुशनगरला साखर कारखान्यात कामाला आहेत, त्यामुळे आमच्याकडे साखर कधी कमी पडत नाही. तर आमच्या घरी आलेलं भांडं असं नाव घेऊन आणि साखर घेऊन परत जातं.

हे आधी सांगून ठेवलं, कारण पुढे जे झालं त्यात आमच्यापैकी कुणी जगावेगळं काही केलं नव्हतं. रोजचंच केलं होतं.

मी जालन्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. हॉस्टेलवर राहते, शनिवारी एसटीने अंबडला जाते आणि सोमवारी सकाळी परत येते. गेल्या वर्षी आमच्या एका मॅडमनी विचारलं की मराठी टायपिंग नीट येणारी, सांभाळून काम करणारी मुलगी हवी आहे, जाशील का. वर्गात टायपिंग येणाऱ्या बऱ्याच जणी होत्या. सांभाळून म्हटल्यावर मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी वर्गात फार बोलत नाही, म्हणून असेल.

ते घर जुन्या बाजाराच्या मागे होतं. राजस्थानातून येऊन काही पिढ्यांपूर्वी जालन्यात स्थायिक झालेलं जैन कुटुंब, सरकीचा व्यापार. आता मुलं पुण्याला आणि घरात दोघंच, काकाजी आणि काकीजी. सगळे त्यांना असंच म्हणतात म्हणून मीही म्हणायला लागले. मला वाटलं होतं, जुनी कागदपत्रं असतील, दुकानाच्या वह्या असतील. काकाजींनी बैठकीचं दार उघडलं तर तीन भिंतींना काचेची कपाटं आणि कपाटांत नुसत्या फुलदाण्या. साठेक तरी असतील. केशरी, जांभळ्या, शेवाळी, मधाच्या रंगाच्या. सकाळचं ऊन खिडकीतून त्यांच्यावर आलं होतं, आणि एकीच्या अंगावर लांब पंखांचा चतुर उडत होता, एकीवर कमळं होती, एकीवर नुसती वाळलेली पानं.

काकाजींनी सांगितलं की ही सगळी फ्रान्सची काच आहे, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची. वेगवेगळ्या रंगांच्या काचेचे थर एकावर एक चढवायचे, कांद्याच्या पाकळ्यांसारखे. मग नको तिथला वरचा थर ॲसिडने खाऊन टाकायचा. जो उरतो त्याची पानं-फुलं होतात. जालना हैदराबादच्या राज्यात होतं तेव्हापासून त्यांच्या घरचा तिकडे व्यवहार. तिथल्या हवेल्यांमध्ये ही काच सजावटीला असायची, हवेल्या मोडत गेल्या तशी ती बाजारात आली. काकाजी तरुणपणी सरकीचा सौदा करायला गेले आणि पहिली फुलदाणी घेऊन आले. सौदा फिसकटला, असं काकीजी सांगतात. काकाजी सांगताना तेवढं गाळतात.

मी पहिल्याच दिवशी एक बावळट प्रश्न विचारला. यांच्यात फुलं का नाहीत? आमच्या घरी बुद्धाच्या मूर्तीपुढे रोज फुलं असतात, ती स्टीलच्या तांब्यात. मला वाटलं, तांब्यात आहेत तर फुलदाणीत असायलाच हवीत. काकाजी म्हणाले, फुलं म्हटलं की पाणी आलं, आणि आपलं बोअरचं पाणी असं क्षाराचं की वर्षभरात काच आंधळी होते. दारातून काकीजी म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्षं झाली लग्नाला. साठ फुलदाण्या घरात, आणि माझी फुलं स्वयंपाकघरात पेल्यामध्ये." काकाजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

माझं काम असं होतं की प्रत्येक फुलदाणीचे मोबाइलवर फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर यादी करायची. क्रमांक, उंची, रंग, नक्षी, सही, कुठून घेतली. सहीच्या रकान्याचं मला नवल वाटलं. या फुलदाण्यांवर ज्याने त्या घडवल्या त्याचं नाव असतं. कधी नक्षीतच लपवलेलं, कधी बुडाला. मी आयुष्यभर भांड्यांवर नावं बघत आले आहे, पण ती देणाऱ्याची असतात किंवा घेणाऱ्याची. ज्याने भांडं घडवलं त्याचं नाव मी कधी पाहिलं नव्हतं.

सतराव्या क्रमांकाला काकाजी अडले. वीतभर उंचीची, मधाच्या रंगाची, अंगावर जांभळी वेल. त्यांची सगळ्यात लाडकी. पाहुणे आले की आधी तीच हातात घेत. बुडाला मोठ्या कारागिराचं नाव कोरलेलं. ते म्हणाले, सहीचा रकाना सध्या रिकामा ठेव. नंतर काकीजींकडून कळलं. हैदराबादला काकाजींचे एक जुने मित्र आहेत, त्यांनाही हाच नाद. त्यांनी दोन वर्षांपूर्वी ही फुलदाणी बघून सांगितलं होतं की काच चांगली आहे, पण सही मागाहून कुणीतरी घातलेली वाटते, किंमत वाढवायला. काकाजींना ते इतकं लागलं की बोलणंच तुटलं. आता फक्त दिवाळीला फोन, त्यातही काचेचं नाव निघत नाही.

मी ती सही भिंगातून बघत होते आणि न विचारता बोलून गेले, "माझे बाबा हेच करतात." लगेच वाटलं, उगाच बोलले. कुठे ही काच आणि कुठे आमचं बाजारातलं टेबल. पण काकाजींनी मला सगळं विचारून घेतलं, मशीन कशी असते, सुई कसली, दिवसाला किती नावं होतात.

पुढच्या शनिवारी त्यांनी घरच्या लग्नपत्रिकांच्या एका रिकाम्या खोक्यात कापूस घालून सतरा नंबरची फुलदाणी ठेवली आणि खोकं माझ्या हातात दिलं. "तुझ्या वडिलांना दाखव, बेटा. फक्त विचार, हे नाव कशानं काढलं असेल. बाकी काही सांगू नको, नाहीतर त्यांचं मत तयार होईल."

काकीजी म्हणाल्या, ही घराबाहेर पहिल्यांदाच चालली. मला भीती वाटली, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त अभिमान वाटला. माझ्या बाबांचं मत कुणी विचारलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. लोक त्यांना चिठ्ठी देतात आणि म्हणतात, हे घाला. एवढ्या जाणत्या माणसाला बाबांकडून काही शिकायचं होतं. मला वाटलं, बाबांनी काहीतरी असं सांगावं की काकाजींनी मान हलवावी. माझी तेवढीच इच्छा होती.

बसमध्ये मी खोकं मांडीवरून हलवलं नाही. बाबा त्या दिवशी उशिरा आले, लग्नसराई होती. त्यांनी फुलदाणी हातात घेऊन फिरवली, काचेचं हाय व्हय, म्हणाले आणि जेवायला बसले. थकले होते, म्हणून मी ठरवलं की सकाळी उजेडात विचारू. मात्र एक गोष्ट मी तीन-तीनदा सांगितली. "दुसऱ्याची हाये बाबा. लई जपायची. बराबर परत द्यायचीय."

सकाळी आईने मला दळण आणायला पाठवलं. गिरणीवर नंबर होता. डबा घेऊन परत आले तर गल्लीतूनच आवाज आला, घर्र, घर्र. आमच्या घरातला रोजचाच आवाज, पण रविवारी सकाळी नसतो.

बाबा दारात उजेडाला बसले होते. मांडीवर जुनी चादर, चादरीवर फुलदाणी उलटी. त्यांनी शेवटच्या अक्षरावर फुंकर मारली, अंगठ्याने पुसलं आणि माझ्यापुढे धरली. खोक्यावर छापलेलं होतं तसं काकाजींचं पूर्ण नाव, खाली जालना. सहीच्या अगदी शेजारी, एका रांगेत. मात्रा-वेलांटीत कुठे चूक नाही.

"घे," बाबा म्हणाले. "आता कुठं बी जाऊ दे. घरी वापस येईल."

मी ओरडले नाही. दळणाचा डबा खाली ठेवला आणि तिथेच पायरीवर बसले. आईने विचारलं, काय झालं, गिरणीवाला काही बोलला का. मग मी सांगायला लागले. ही किती जुनी आहे, लोक हिच्यावर साधा ओरखडाही चालवून घेत नाहीत, बोटांचे डाग पडू नयेत म्हणून काकाजी ही धोतराच्या सोग्याने धरतात. जसजशी मी सांगत गेले तसतसा बाबांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी मशीनची पिन काढली आणि वायर गुंडाळत राहिले. गुंडाळून झाली तरी गुंडाळत राहिले.

"लेकीला विचारायचं तरी," आई म्हणाली.

"तिनंच सांगितलं ना, दुसऱ्याची हाये म्हणून."

आणि ते खरंच होतं. मी तेवढंच सांगितलं होतं. दुसऱ्याची वस्तू म्हटलं की आमच्या घरात काय करतात हे मला लहानपणापासून माहीत होतं.

नाव कशानं काढलं असेल, हे विचारायचं राहूनच गेलं. त्या दिवशी मला ते आठवलंसुद्धा नाही. मला एवढंच दिसत होतं की सोमवारी मी ते खोकं परत देईन आणि काकाजींच्या मनात माझे बाबा म्हणजे वस्तू खराब करणारा माणूस, असं कायमचं बसेल. दुपारी बाबा म्हणाले, "उद्या मी येतो. तू काई बोलू नको. माझ्या हातानं झालंय, मी सांगतो." लग्नसराईतला सोमवार, टेबल बंद. आईने सकाळी खोकं स्वतः बांधलं, वरून सुतळी घातली आणि बाबांच्या हातात दिलं.

बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि बसमध्ये खोकं त्यांच्या मांडीवर होतं. जालना येईपर्यंत ते एकदाच बोलले. "शेठ रागाचा हाये का?" मी म्हटलं, मला नाही माहीत. काकाजी रागावलेले मी कधी पाहिले नव्हते, पण तशी वेळही कधी आली नव्हती.

काकीजींनी पाणी आणलं. बाबांनी पेला हातात घेतला आणि पाणी पिण्याआधीच बोलून टाकलं. शेठजी, माझ्याकडून चूक झाली, पोरीची काई चूक न्हाई, मी तुमच्या वस्तूवर तुमचं नाव घातलं. काकाजींना ते नीट कळलं नाही. त्यांना वाटलं असेल, खोक्यावर नाव घातलं. त्यांनी सुतळी सोडली, फुलदाणी बाहेर काढली. तिच्या तोंडावर एक फडकं बांधलेलं होतं. मला वाटलं, आईने जपून बांधलं. काकाजींनी फडकं काढलं आणि बुडाला बघायला म्हणून फुलदाणी सरळ उलटी केली.

आतून साखर आली. बरीच आली. काकाजींच्या पांढऱ्या धोतरावर, खुर्चीवर, तिथून सतरंजीवर. ते फुलदाणी तशीच उलटी धरून बसले आणि साखर संपेपर्यंत कुणी हललं नाही. मी बाबांकडे बघितलं, बाबांनी माझ्याकडे. आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

"आईनं," मी म्हटलं. "रिकामी परत द्यायची नाही म्हणून."

काकीजी दारात उभ्या होत्या. त्या आधी पदर तोंडाला लावून हसल्या, मग दाराला टेकून हसल्या, मग खाली बसल्या. आपल्या घरी पण असंच करतात, त्या हसता हसता काकाजींना म्हणाल्या, तुमच्या आई तर गूळ घालायच्या. काकाजींनी धोतर झटकलं. ते हसले नाहीत, पण चेहरा थोडा सैल झाला होता. मग त्यांनी चष्मा वर केला, भिंग घेतलं आणि बुड बघितलं.

ते बराच वेळ बघत होते. काकीजींचं हसणं थांबलं. मी सतरंजीवरची साखर मोजल्यासारखी बघत राहिले.

बाबा अगदी हळू म्हणाले, "तिथं आधीच एक नाव मशीननं घातलेलं होतं, शेठजी. म्हणून मला वाटलं, ह्याच जागेला घालायचं असतंय."

काकाजींनी मान वर केली. "मशीननं?"

"व्हय की. आपल्यासारख्याच मशीननं."

"कशावरून म्हणता?"

बाबा गोंधळले. त्यांना वाटलं, अजून काहीतरी चुकीचं बोललो. काकाजींनी त्यांना खुर्ची जवळ ओढायला सांगितली आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. बाबांनी भिंग बाजूला ठेवलं. त्यांना त्याची गरज पडली नाही. त्यांनी नखाने दाखवलं. "मशीनची सुई वरखाली नाचती. वरून रेघ दिसती, पण ती रेघ नसती, ठिपके असत्यात. हे माझं बघा. आता हे बाजूचं बघा. दोन्ही सारखेच."

काकाजी भिंगातून एकदा हे, एकदा ते बघत होते. शंभर वर्षांपूर्वीची सही हाताने किंवा काच घासायच्या चाकावर कोरलेली असती तर रेघ अखंड असती, हे त्यांना माहीत होतं. पण इतके दिवस शेजारी ठेवून बघायला दुसरं काही नव्हतं. आता होतं.

"आणि शेठजी," बाबा म्हणाले. आता ते कामातलं बोलत होते, त्यामुळे त्यांचा आवाज टेबलावर असतो तसा झाला होता. "ज्यानं हे घातलं, त्याला ही अक्षरं येत नव्हती."

"हे कसं कळलं तुम्हाला?"

"मला बी इंग्रजी येत न्हाई. लोक चिठ्ठीवर लिहून देतात, मी बघून काढतो. बघून काढताना माणूस मधी थांबतो, कागदाकडं बघतो. हात थांबला तरी सुई नाचतच ऱ्हाती, मंग तिथं खड्डा पडतो. हे बघा, इथं थांबला. इथं. इथं बी थांबला." त्यांचं नख सहीवरून एकेक अक्षर पुढे जात होतं. "हा लिहीत न्हाई. बघून काढून राह्यला."

मला एकदम माझी पहिल्या वर्षाची इंग्रजीची वही आठवली. फळ्यावरचं प्रत्येक अक्षर मी वर बघून, खाली बघून उतरवायचे. अर्थ कळायचा नाही. ती वही बाबांना दाखवली असती तर मी कुठे कुठे थांबले होते ते त्यांनी ओळखलं असतं. पण मी कधी दाखवली नाही. मला वाटायचं, त्यांना काय कळणार.

काकाजींनी फुलदाणी टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता ते वाईट मानतील. मानलंही असेल थोडं. मग ते उठले, कपाटाला किल्ली लावली आणि दुसरी फुलदाणी काढली. "ही?"

बाबांनी हात सदऱ्याला पुसले, ती घेतली, बुड बघितलं. हे मशीनचं न्हाई, म्हणाले. काकाजींनी तिसरी काढली. चौथी काढली. मग साखर सतरंजीवर तशीच राहिली आणि ती दोन माणसं खिडकीशी उजेडाला जाऊन बसली. मी फुलदाण्या आणून देत होते, परत ठेवत होते. बाबा प्रत्येकीला काहीतरी म्हणायचे. ह्याचा हात जड हाये. हा तिरका बसायचा कामाला. चतुर असलेल्या फुलदाणीची सही बघून ते हसले. "हा बिनधास्त हाये, शेठजी. शेवटचं अक्षर निम्मं सोडून दिलंय. रोज हेच नाव घालून घालून कंटाळला असंल. आपल्यासारखाच."

काकाजींनी मान हलवली. एकदा नाही, दोन-तीनदा. मला तेवढंच हवं होतं, पण ते असं होईल हे मला सुचलंही नसतं.

शेवटी सतरा नंबरचा विषय आलाच. बाबांनी सांगितलं की त्यांनी घातलेलं नाव घासून काढता येईल, चट्टा राहील थोडा, पण काढतो. काकाजींनी फुलदाणी उलटी करून पुन्हा दोन्ही नावं बघितली. "राहू द्या," ते म्हणाले. "दोन नावांपैकी एक तरी खरं आहे."

मग त्यांनी हैदराबादला फोन लावला. दिवाळी नसताना फोन आला म्हणून पलीकडच्या माणसाने आधी तब्येत विचारली असावी, कारण काकाजी दोनदा म्हणाले, मी ठीक आहे, अरे मी ठीक आहे. मग ते हिंदीत म्हणाले की तू बराबर होतास. पलीकडून जे हसू आलं ते आम्हाला खोलीभर ऐकू आलं. काकाजींनी फोन कानापासून लांब धरला आणि बाबांना सांगितलं, आता हा वर्षभर हसणार. पण ते अर्धा तास बोलत होते, आणि काचेबद्दलच बोलत होते.

तेवढ्यात काकीजी आल्या आणि टेबलावरची सतरा नंबर उचलून घेऊन गेल्या. काकाजी फोनवर होते, त्यांना हात करूनही थांबवता आलं नाही. परत आल्या तेव्हा फुलदाणी पाण्याने भरलेली होती आणि तिच्यात निशिगंधाच्या काड्या होत्या. त्यांनी ती खिडकीत ठेवली, दोन पावलं मागे जाऊन बघितली, एक काडी सरळ केली. काकाजींनी फोन ठेवला, खिडकीकडे बघितलं, बोअरचं पाणी आहे का विचारलं. काकीजी म्हणाल्या, बोअरचंच आहे.

मी कॉम्प्युटरवर यादी उघडली. सहीचा रकाना अजून रिकामा होता. काय लिहू, म्हणून विचारलं. काकाजींनी सांगितलं तसं टाइप केलं. सही नंतरची, मशीनने, अक्षरं न येणाऱ्या माणसाची. शेजारी मालकाचं नाव, अंबडचं काम, अक्षर उत्तम. बाबांना मी ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, अक्षर उत्तम कशाला, राहू दे. काकाजी म्हणाले, यादीत खोटं लिहायचं नसतं.

निघताना काकीजींनी ते लग्नपत्रिकांचं खोकं बाबांच्या हातात दिलं. जड होतं. आत पापड आणि मठरी होती. माझ्या आईला सांगायला सांगितलं की साखर गोड होती, जेवढी खाली पडली नाही तेवढी.

माझे दुपारचे तास होते, तरी मी बाबांना बसस्टँडवर सोडायला गेले. अंबडची गाडी लागलेली होती. बाबा खिडकीशी बसले, मी खाली उभी. त्यांनी विचारलं, तो चतुरवाला, शेवटचं अक्षर सोडून देणारा, त्याचं नाव काय होतं गं. मी सांगितलं. त्यांनी एकदा म्हणून बघितलं, चुकलं. दुसऱ्यांदा बरोबर म्हटलं. मग सदऱ्याच्या खिशातून चिठ्ठीचा कागद काढला आणि पेन माझ्याकडे मागितलं. "मराठीत लिहून दे," म्हणाले. मी कागद बसच्या पत्र्यावर धरून लिहिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं.

गाडी हलली तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते. खोक्याच्या झाकणावर त्यांचं बोट अक्षरं काढत फिरत होतं, आणि मधे कुठे थांबत नव्हतं.